दुसरी शिटी

१

माणसाच्या अंगात फुप्फुसाइतका नाठाळ अवयव दुसरा नाही, असं नूपुर मेश्रामचं पीएचडीच्या चार वर्षांत पक्कं मत झालं होतं. मेंदू बिचारा कवटीत गप पडून असतो. गुडघ्याला हलू नको म्हटलं की हलत नाही. यकृत म्हणजे कचेरीतला जुना बाबू, बसल्या जागेवरून उठायचं नाव नाही. एमआरआयचं यंत्र अंगातल्या पाण्याचा कानोसा घेऊन चित्र काढतं, आणि फुप्फुसात भरलेली असते हवा. थोडंफार पाणी असतं, पण त्याचा आवाज पापणी लवायच्या आत विरून जातो. त्यात ते सतत हलणार, शेजारी हृदय धडधडणार. वरातीच्या बँडशेजारी उभं राहून, हलत्या बैलगाडीतल्या माणसाची कुजबुज टिपून घ्यायची, तसलं हे काम. म्हणून चित्रात छातीच्या दोन्ही बाजूंना नुसती काळी भोकं दिसतात.

या भोकांत उजेड पाडायचा, एवढाच नूपुरचा उद्योग.

हुडकेश्वरकडच्या एका इस्पितळातलं यंत्र तिला दुपारी एक ते तीन मिळे. बाहेर मे महिन्याचं डांबर चपलांना चिकटायचं आणि आत ती स्वेटर घालून बसायची. तिच्या रीतीत पेशंटनं अठरा सेकंद श्वास धरायचा असे. यंत्रात एक तयार आवाज होता. कुण्या दिल्लीकडच्या बाईचा, विमानात बसल्यासारखा. तो ऐकून मौद्याच्या प्रयागबाईनं आतूनच विचारलं होतं, "कोण वं बाई तू?" झालं, श्वासही गेला आणि चित्रही गेलं.

तेव्हापासून नूपुर स्वतःच माइकचं बटण दाबून सांगू लागली, "दम घ्या. दम धरा." आणि अठरा सेकंदांनी, "सोडा आता."

"मॅडम," यंत्र चालवणारा गौरांग म्हणायचा, "तुमची पीएचडी फिजिक्सची हाय का रेडिओची?"

पण चित्रं सुधारली. आधी या प्रकाराला हसणाऱ्या गाइडसरांनीच त्यावर अख्खं प्रकरण लिहायला सांगितलं. तीन सूचना, पेशंटच्या बोलीत. आता एकच उणीव होती. सगळ्यांचं तोंड बंद करील असं एक चित्र हवं होतं. फेलोशिप ऑगस्टात संपत होती.

२

धोंडबा आले ते बायकोला, तुळसाबाईंना, घेऊन. वय सत्तरच्या आसपास, अंगानं काडी, डोळे मात्र चोरून बोरं खाणाऱ्या पोराचे. तीन पायऱ्या चढून आले आणि पाच मिनिटं खोकले. पूर्वी मौद्याच्या पलीकडे राखेच्या विटा पाडायच्या एका कारखान्यात होते. कारखाना आता बंद आहे. राख तेवढी छातीत राहिली.

"अठरा सेकंद श्वास धरता येईल का, आजोबा?" नूपुरनं विचारलं.

"अठरा? हे काय दम धरणं झालं?" धोंडबा हसले. "आमच्याकडं राखेच्या टाकीचं झाकण उघडलं का मुकादम शिटी मारे. पहिली शिटी झाली का दम धरायचा, फावडं चालवायचं. राख खाली बसली का दुसरी शिटी. तवाच सोडायचा."

"आणि दुसरी शिटी उशिरा झाली तर?"

"त धरून ठेवायचा."

"काहीबी सांगतेत!" तुळसाबाई मध्येच म्हणाल्या. "मी बाजारातून लवकर या म्हणलं त दोन तास लावतेत हे. अन् मुकादमाचं म्हणे एका शिटीत ऐकत होते."

"तुह्यापाशी शिटी कुठं हाय वं?"

गौरांग खो खो हसला. यंत्रात धातू चालत नाही म्हणून धोंडबांनी सदऱ्यातली चिल्लर काढून त्याच्या हातावर ठेवली आणि सहज बोलावं तसं म्हणाले, "चंपत नावाचा होता आमच्यात. एक दिवस मुकादमाले फोन आला अन् दुसरी शिटी झालीच नाही. आम्ही तिघं पळालो भायेर. चंपत मोठा शिस्तीचा माणूस."

"मग?"

"मग काय. त्याच्या जागेवर दुसरा लावला."

कुणीच हसलं नाही, तसे धोंडबा स्वतःच हसले. "तवापासून मीबी शिस्तीचा झालो, पोरी. तू सोड म्हणशील तवाच सोडीन."

पोटावर श्वास मोजायचा रबरी पट्टा बांधला, कानांवर हेडफोन लावले, हातात घाबरल्यावर दाबायचा रबरी चेंडू दिला. धोंडबा बोगद्यात गेले. दम घ्या. दम धरा. पडद्यावरची श्वासाची रेघ चढली आणि वर जाऊन थांबली. यंत्र खटखटू लागलं.

आणि चित्र उमटलं.

तसलं चित्र नूपुरनं परदेशी मासिकांतही पाहिलं नव्हतं. काळी भोकं नाहीतच. शिशिरातल्या पानगळ झालेल्या झाडासारखं, बुंध्याला फांद्या, फांद्यांना डहाळ्या, डहाळ्यांना काड्या. शेवटच्या काडीपर्यंत सगळं स्वच्छ. तिचं बोट बटणावरून कधी निघालं तिलाच कळलं नाही. सर नेमके त्याच वेळी डोकावले. "अगं, हे काय केलंस!" म्हणाले, टाळ्या वाजवल्या, मोबाइलमध्ये फोटो काढला, कुणाला तरी फोन लावला. नूपुरच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मॅडम," गौरांगचा आवाज चिरकला. "सोडा म्हणलं का तुम्ही?"

घड्याळात चार मिनिटं दहा सेकंद झाली होती.

दोघं आत धावले. खाट खसकन बाहेर ओढली. धोंडबा डोळे उघडे ठेवून पडले होते, छाती वर. चेंडू हातात तसाच, न दाबलेला.

"आजोबा! आजोबा, ठीक आहात ना?"

"ठीक हाय की," धोंडबा म्हणाले. "आला का फोटो?"

मग काय हसणं, काय सुटकेचे निःश्वास! सर पाठ थोपटू लागले. तुळसाबाईंनी सगळ्यांना शिव्या दिल्या आणि जाताना पिशवीतले घरचे तांदूळही दिले. या गडबडीत तो शेवटचा शब्द कुणी उच्चारला नाही. जो माणूस उठून बसतो, बोलतो, सदऱ्याची बटणं लावतो, त्याला श्वास सोडा म्हणून कोण सांगत बसणार?

नोंदवहीत नूपुरनं लिहिलं, 'श्वास धरल्याचा काळ: १८ सेकंद.' खरा आकडा लिहिला असता तर चौकशी बसली असती आणि चित्र बाद झालं असतं. लिहिताना पेन जरा अडखळलं, एवढंच.

३

चार दिवसांनी नोंदी चाळताना तिला ती रेघ पुन्हा दिसली.

पट्ट्याची वायर काढेपर्यंत यंत्र श्वास नोंदवत राहतं. म्हणजे धोंडबा उठून बसले, 'ठीक हाय की' म्हणाले, 'आला का फोटो' म्हणाले, ते सगळं त्या रेघेत यायला हवं होतं. बोलायचं तर श्वास सोडावाच लागतो. रेघ खाली यायलाच हवी.

रेघ वरच होती. टेबलावर पट्टी ठेवून ओढावी तशी सपाट, वायर काढेपर्यंत.

"पट्टा अटकला असंल," गौरांग म्हणाला.

नूपुरनं पट्टा स्वतःला बांधून पाहिला. रेघ वर, खाली, वर, खाली. गौरांगला बांधला. वर, खाली. गौरांगनं तो पाण्याच्या कॅनला बांधला. रेघ निमूट तळाशी पडून राहिली.

"पट्टा त ठीक हाय," तो म्हणाला, पण या वेळी हसला नाही.

सरांना दाखवलं तर ते वैतागले. "उतार छापायचाय कशाला तुला? अठरा सेकंदांवर काप की."

तिनं कापली. प्रबंधात आकृती गेली, चढलेल्या रेघेची. पण त्या दिवसापासून तिला एक खोड लागली. बसमध्ये, रांगेत, वर्गात, समोरच्या माणसाची छाती खाली जाते का, हे ती बघत बसे. गेली की तिला बरं वाटे. मग पुढच्या माणसाकडे बघे. आईनं विचारलं, "काहून अशी टकमक पाहून राहिली सगळ्याइले?" नूपुर म्हणाली, "काही नाही, अभ्यास."

दोन महिन्यांनी तुळसाबाईंचा फोन आला.

"बाई," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तुमी आमच्या बुढ्याले सोडा म्हणलं होतं का नाही?"

४

धोंडबा लेकाकडे, हुडकेश्वरला, प्लॉट पाडलेल्या एका नव्या ले-आउटमध्ये राहत होते. नूपुर गेली तेव्हा दुपारचे चार वाजले होते. पुढच्या खोलीत कूलर घरघरत होता, कोनाड्यात उदबत्ती जळत होती. धोंडबा खुर्चीत बसले होते आणि नूपुरनं त्यांना पटकन ओळखलंच नाही.

काडी भरली होती. गाल भरले होते, मान भरली होती. सदऱ्याची वरची दोन बटणं तुटून दोरे लोंबत होते.

"ये पोरी, बस! खोकला गेला पाह्य माहा. दोन महिने झाले, एक ठसका नाही. परवा पाण्याच्या टाकीवर चढलो, विचार हिले."

बोलणं तेच होतं, चेष्टा तीच होती. पण शब्द तोंडातून बाहेर पडत नव्हते. आत ओढत ओढत बोलावं, लहान पोरं गंमत म्हणून बोलतात तसं. नूपुरनं स्वतःला समजावलं, म्हाताऱ्या माणसाचे दात गेले की उच्चार बदलतात.

चहा आला. धोंडबांनी बशीत ओतला आणि वाट बघत बसले.

"फुंकर नाही मारत आजकाल," तुळसाबाई म्हणाल्या. "निवेपर्यंत बसून राहतेत."

नूपुरची नजर उदबत्तीकडे गेली. धुराची बारीक दोरी कोनाड्यातून निघे, खोली ओलांडून सरळ धोंडबांच्या तोंडाशी येई आणि संपे. क्षणभर थांबे, पुन्हा येई. त्यांच्याकडून परत काही येत नव्हतं. कूलरचा वारा, तिनं मनाशी म्हटलं. मग लक्षात आलं की कूलर धोंडबांच्या पाठीमागे होता.

ती उठली. म्हणून टाकावं आणि मोकळं व्हावं. तिनं तोंड उघडलं, तशी धोंडबांनी तिचं मनगट धरलं. हात जड होता, ओल्या वाळूच्या पोत्यासारखा.

"नको म्हणू, पोरी." आता डोळ्यांत चेष्टा नव्हती. "तीस वरसात पहिल्यांदा बरं वाटून राहिलं. आतमध्ये काय काय हाय ते मले मालूम हाय. सोडला का समदं येईल भायेर. मग माह्यात काय उरंल?"

"आजोबा, हे... असं काही नसतं."

"नसते त मंग म्हणू नको. तुहं काय जाते?"

नूपुरनं मनगट सोडवून घेतलं आणि चपला घातल्या.

फाटकापाशी तुळसाबाईंनी तिला गाठलं. "बाई, म्हणून टाका. माह्या म्हणण्यानं नाही होत, शंभरदा म्हणून पाह्यलं. ज्यानं धर म्हणलं त्यानंच सोड म्हणावं लागते म्हणे." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "आत जाते ते दिसते मले. भायेर येते ते दिसत नाही. मंग जाते कुठं? बाजूले माणूस झोपला नाही, भरलेलं पोतं ठेवलं असं वाटते. खाटेची पाटी मोडली परवा. तीस वरस मी त्यायच्या खोकल्याले शिव्या दिल्या, बाई. आता एक उसासा टाका म्हणून हात जोडते."

नूपुर गाडीवर बसली आणि मानेवाडा चौकात सिग्नल हिरवा होऊन पुन्हा लाल झाला तरी तिथंच उभी होती. म्हटलं तर कदाचित एक माणूस जातो. नाही म्हटलं तर तो भरत जातो. आणि दोन्हीकडे चूक तिचीच, चार मिनिटं दहा सेकंदांची.

तिनं तिसरा रस्ता काढला. हुशार माणसं काढतात तोच. जमेल तेवढे दिवस गप्प बसायचं.

५

ऑगस्टात तिची खुली मौखिक परीक्षा ठरली. भर दुपारी, कॉलेजच्या लहान सभागृहात. पुढे परीक्षक, मग चाळीसएक माणसं, मागच्या रांगा रिकाम्या, अगदी शेवटी टेबलावर समोसे आणि चहाचे कप. पहिल्या रांगेत दोन माणसं बघून नूपुरच्या हातातला रिमोट खाली पडला.

"मीच बोलावलंय त्यांना," सर कौतुकानं म्हणाले. "ज्यांचं फुप्फुस, त्यांचा मान नको?"

धोंडबा दोन खुर्च्या व्यापून बसले होते. शेजारी तुळसाबाई.

तो शब्द येऊ द्यायचा नाही, एवढं नूपुरनं ठरवलंच होतं. धोंडबा येतील असं स्वप्नातही नव्हतं, तरी आदल्याच दिवशी तिनं आपल्या आवाजाच्या ध्वनिफितीतली तिसरी सूचना कापून टाकली होती. त्या शब्दाची तिला धास्ती बसली होती, दुसरं काय! सूचनांच्या स्लाइडवर तिनं फीत लावली. मोठ्या स्पीकरमधून तिचाच आवाज घुमला.

"दम घ्या. दम धरा."

फीत सुरू होताच तुळसाबाईंनी पदरानं दोन्ही कान गच्च झाकले. बाकी लोक हसले, गंमत म्हणून सगळ्यांनी छात्या फुगवल्या. गौरांगनं तर गालही फुगवले. नूपुर पुढच्या स्लाइडवर गेली.

बोलणं छान रंगलं. सभागृह इतकं शांत की तिचा तिलाच हेवा वाटला. खोकला नाही, खुर्चीची करकर नाही, मोबाइलची चुळबुळ नाही. झाडासारखं ते चित्र पडद्यावर आलं आणि ती थांबली. प्रश्नांची वेळ.

बाहेरगावच्या परीक्षक बाईंनी प्रबंध उघडला. "या रेघेचा उतार कुठं आहे?" त्यांनी विचारलं. "श्वास धरला, तो दिसतो. सोडला कधी?"

"अठरा सेकंदांनी, मॅडम."

"तुमच्या प्रबंधात सूचना तीन आहेत. ऐकवल्या दोन. तिसरी म्हणून दाखवा. पेशंटच्या बोलीत."

नूपुरच्या मानेवर काटा आला. प्रश्नामुळं नाही. बाई शब्द आत ओढत बोलत होत्या.

तिनं सरांकडे पाहिलं. सरांची छाती वर होती, कोटाचं बटण ताणलेलं. गौरांगचे गाल अजून फुगलेले, चेहरा जांभळा, डोळे तिच्यावर खिळलेले. रांगेमागून रांग, चाळीस छात्या, सगळ्या वर. एकही खाली येत नव्हती. सगळे तिच्याकडे बघत होते. धाक म्हणून नाही, अगदी शिस्तीत, वाट बघावी तसे.

प्रोजेक्टरच्या कोपऱ्यातल्या घड्याळात बघायची तिची हिंमत नव्हती. तरी तिनं बघितलं. फीत लागल्याला चार मिनिटं व्हायला आली होती.

धोंडबा हळूहळू मान हलवत होते. नाही. नाही. शेजारी तुळसाबाईंनी कानांवरचा पदर काढला आणि हात जोडले.

गौरांगच्या ओठांचा रंग बदलू लागला.

"सोडा आता," नूपुर म्हणाली.

चाळीस माणसांनी एकदम श्वास सोडला. टेबलावरचे कागद उडाले. मग खोकले, हसू, खुर्च्यांची करकर. "बरोबर," बाई म्हणाल्या, अगदी साध्या आवाजात, आणि प्रबंधावर सही केली. टाळ्या सुरू झाल्या. काही झालंय हे कुणाच्या गावीही नव्हतं. गौरांग कपाळ पुसत म्हणाला, "गर्मी काहून होऊन राहिली इतकी?"

नूपुर पहिल्या रांगेकडे बघत होती.

धोंडबा सोडत होते. टाळ्यांच्या खाली तो आवाज आधी ऐकूच आला नाही. टाळ्या थांबल्या तेव्हा तो चालूच होता. लांब, सरळ, न तुटणारा. ओठांवर करडा थर आला, हनुवटीवर उतरला, सदऱ्याच्या तुटक्या बटणांवरून खाली लाल गालिच्यावर पडू लागला. सदरा सैल होत गेला, गाल बसत गेले. तुळसाबाई पदरानं त्यांचं तोंड पुसत होत्या, पुन्हा पुन्हा, आणि म्हणत होत्या, "होऊ द्या. होऊ द्या. मी हाय ना."

नूपुर धावत जाऊन गुडघ्यांवर बसली. त्यांचा हात हातात घेतला. हात काडीसारखा हलका झाला होता. धोंडबांनी तिच्याकडे पाहिलं. रागानं नाही. उशिरा का होईना, सुट्टी झालेल्या माणसासारखं. शेवटी शेवटी हवा इतकी थोडी उरली की ती दातांच्या फटीतून बारीक होत होत वाजू लागली.

लांब, स्वच्छ शिटी.

ती थांबली. सभागृहात लोक एकमेकांचं अभिनंदन करत होते. सर तिला हाक मारत होते, "डॉक्टर नूपुर, अहो इकडे या!" तिनं मान वळवली नाही. मागच्या सगळ्या रांगा रिकाम्या होत्या, हे तिनं आल्या आल्याच पाहिलं होतं.

त्या रांगांच्याही मागे, टेबलावर, कपांतल्या चहाची वाफ सगळी एकदम एका बाजूला वाकली. आणि कुणीतरी, पहिल्या शिटीपासून फार फार वर्षं शिस्तीत धरून ठेवलेला, दम सोडला.